उघडा की उघडे?

मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतराची पहिली पीओ फाइल हातात घेतली, त्याला पंधराहून अधिक वर्षे झाली. वर इंग्रजी ओळ, खाली रिकामी अवतरणचिन्हे, त्यांच्यात मराठी भरायचे, काम एवढेच. पण एक अवतरणचिन्ह चुकून खोडले गेले तरी सगळी फाइल तपासणीत अडकायची, आणि नेमके काय चुकले हे सांगणारा संदेश समजायला प्रोग्रामरच लागायचा. शाळेत अनेक वर्षे मराठी शिकवलेल्या एका बाईंना मी या कामात ओढले होते. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “मला भाषा येते हो, हे येत नाही.” माझ्याकडे उत्तर नव्हते. बाई गेल्या.

त्यांचे जाणे किती महागात पडले हे पुढे त्याच फाइलींनी दाखवले. ‘ओपन’ हा शब्द दोन ठिकाणी होता. एकीकडे बटण: फाइल उघडा. दुसरीकडे तक्रारीची स्थिती: ती उघडी आहे, मिटलेली नाही. इंग्रजीचे एकाच शब्दात भागते, म्हणून गेटटेक्स्ट ही भाषांतराची यंत्रणा दोन्हीकडे एकच मराठी शब्द बसवायची. २००६ मध्ये तिच्यात संदर्भ वेगळा नोंदवण्याची सोय आली खरी. पण इथे ती सोय हवी आहे, हे प्रोग्रामरला सांगणार कोण? ‘अमुक हटवले’ या वाक्याची तीच गत. मराठीत फाइल हटवली जाते, फोल्डर हटवला जातो, चित्र हटवले जाते. नाव ऐनवेळी येऊन बसणार असेल तर क्रियापद कशाशी जुळवायचे? पानांचे आकडेही तसेच. इंग्रजी वाक्यात तीन आधी येतो आणि वीस नंतर, मराठीत ‘वीसपैकी तिसरे पान’. कोडमध्ये क्रम पक्का बांधलेला असला की वाचणाऱ्यासमोर ‘तीनपैकी विसावे पान’ उभे राहते. हे दोष सॉफ्टवेअरचेच आहेत, आणि ते पकडायला मराठीत मुरलेला कान लागतो. कोड येणे लागत नाही.

हे मोठ्या प्रकल्पांना उमगायलाही वेळ लागला. ग्नोम या मुक्त डेस्कटॉप प्रकल्पाचा अनुभव मला फार बोलका वाटतो. २००६ च्या विद्यार्थ्यांसाठीच्या उन्हाळी कोडिंग उपक्रमासाठी त्यांच्याकडे १८१ अर्ज आले आणि त्यांत एकही स्त्रीचा नव्हता. तेव्हा त्यांनी स्त्रियांसाठी वेगळा कार्यक्रम काढला. २०१० मध्ये तो नव्याने उभा राहिला तेव्हा माहितीलेखन आणि आरेखन ही कामेही त्यात धरली गेली. अर्जाआधीच एक लहानसे काम प्रत्यक्ष करायचे, आणि ते करताना अडलेले विचारायला मार्गदर्शक ठरलेला. याच कार्यक्रमाचे पुढे आउटरीची झाले.

१९९३ पासूनच्या डेबियन या मुक्त कार्यप्रणालीच्या प्रकल्पात भाषांतर करणारे आणि माहितीपुस्तिका लिहिणारे वर्षानुवर्षे राबत होते, पण सभासदत्वाची वाट मुख्यतः पॅकेज, म्हणजे बसवण्यासाठी बांधलेले सॉफ्टवेअर, सांभाळणाऱ्यांची होती. ऑक्टोबर २०१० मध्ये सभासदांनी मतदान करून पॅकेज न सांभाळणाऱ्यांनाही सभासद करून घेण्याचा ठराव केला. भांडारात पॅकेज चढवण्याचा अधिकार नसला तरी मताचा अधिकार पूर्ण. आभाराच्या यादीत नाव छापण्यापेक्षा मी या मताला कितीतरी जास्त मानतो.

नंतर साधने बदलली. २०१२ मध्ये वेबलेट हे भाषांतराचे साधन आले. तसेच मोझिलाचे पाँटून आहे. भाषांतर ब्राउझरमध्येच करायचे, आणि एखादे चिन्ह गळले तर तिथल्या तिथे इशारा मिळतो. आवाजाचे नमुने गोळा करणाऱ्या, २०१७ मध्ये सुरू झालेल्या कॉमन व्हॉइसमध्ये तर लिहावेही लागत नाही: समोर आलेले वाक्य वाचायचे, नाहीतर दुसऱ्याने वाचलेले ऐकून बरोबर की चूक ते सांगायचे. मराठी त्यात आहे. हॅक्टोबरफेस्ट या मुक्त सॉफ्टवेअरला योगदान देण्याच्या उपक्रमानेही २०२२ मध्ये कोडाविना केलेले योगदान उघडपणे आपल्यात घेतले. एक गोष्ट मात्र अजून पुरेशी झालेली नाही असे मला वाटते. नवखा माणूस पहिल्यांदा सॉफ्टवेअर बसवताना जिथे अडतो, ती जागा जुन्यांना दिसेनाशी झालेली असते. त्या पहिल्या आठवड्यातच त्याच्याकडून सूचना लिहून घ्यायला हव्यात. महिन्याभराने तोही सरावतो.

बाईंना मी पुन्हा फोन केला तो अशा ब्राउझरमधल्या साधनाचा पत्ता देण्यासाठी. दुपारी त्यांनी अकरा वाक्ये केली. बाराव्याजवळ थांबून टिपण लिहिले: इथे वस्तूचे नाव स्त्रीलिंगी असले तर काय करायचे? मी म्हटले, इंग्रजीत लिहून देतो. दुसऱ्या दिवशी कुणा अनोळखी प्रोग्रामरचे उत्तर आले. त्याने मूळ वाक्यच मोडले होते: आधी ‘हटवलेली वस्तू’, मग दोन टिंबे, मग नाव. बाईंनी ते दोनदा वाचून घेतले आणि विचारले, “मग ते पानांच्या आकड्यांचंही सांगू का त्याला?”