डोकं आपटलं पण रक्त आलं नाही? तरी निर्धास्त राहू नका. कवटीच्या आतला मार उशिरा कळतो

मोटारसायकल घसरली, डोकं आपटलं, पण रक्ताचा थेंब नाही. माणूस उठला, कपडे झटकले, "काय नाय झालं" म्हणत घरी आला, जेवला आणि झोपला. सकाळी उठवायला गेले तर उठेचना. उलट दुसऱ्या एखाद्याचं डोकं फुटतं, शर्ट लाल होतो, घरात रडारड होते आणि तो चार टाके घालून संध्याकाळी पारावर बसलेला दिसतो. असं का होतं, हे डोक्याची रचना बघितली की समजतं.

रक्त एवढं का येतं?

डोक्याच्या कातडीला पाच थर असतात. केसांखालच्या घट्ट थरात रक्तवाहिन्या चिकटून बसलेल्या असतात. हातापायाची रक्तवाहिनी तुटली की आकसते, डोक्याची मात्र त्या घट्ट थरामुळं उघडीच राहते. म्हणून छोट्या जखमेतूनही भळाभळा रक्त येतं. स्वच्छ फडकं ठेवून दहा मिनिटं सलग दाबून धरायचं, मध्येच उचलून बघायचं नाही. हाड आत दबल्यासारखं लागलं तर मात्र तिथं जोर देऊ नये. जखमेत हळद, चहापूड, तंबाखू भरू नये. टाके घालण्याआधी ते सगळं धुऊन काढावं लागतं आणि जखम चिघळण्याची भीती राहते.

टेंगूळ येतं तेही हाडाच्या बाहेरच. त्याचा आकार बघून आतला मार कळत नाही.

कानशिलाचं हाड पातळ

मोठ्या माणसाच्या कवटीत 22 हाडं असतात. 8 मेंदूभोवती, 14 चेहऱ्याची. कपाळाचं हाड जाड असतं, पण कानशिलापाशी चार हाडं जुळतात आणि तिथं कवटी पातळ असते. नेमकी त्याच्या आतल्या बाजूनं एक रक्तवाहिनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटू शकते आणि हाड व मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठायला लागतं. तान्ह्या बाळाची टाळू मऊ असते, ती साधारण दीड वर्षापर्यंत भरते. मोठ्यांची कवटी म्हणजे बंद डबा. आत रक्त वाढलं की मेंदूच दाबला जातो.

हे रक्त साठायला वेळ लागतो. मधले काही तास माणूस अगदी नीट बोलतो, हसतो. हॉलिवूडची अभिनेत्री नताशा रिचर्डसन 2009 च्या मार्चमध्ये कॅनडात बर्फावर घसरून पडली. तिनं आधी वैद्यकीय मदत नाकारली, नंतर डोकं दुखू लागलं आणि दोन दिवसांनी ती गेली. वय 45. कारण हेच, कवटीच्या आत साठलेलं रक्त.

डोळ्याची बाहुली काय सांगते?

मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्या आहेत. वास, नजर, ऐकणं, चेहऱ्याची हालचाल, गिळणं ही कामं त्यांची. तिसऱ्या जोडीची नस बाहुली लहान करते. मेंदू खाली ढकलला गेला की ही नस चेपते, त्या बाजूची बाहुली मोठी होते आणि टॉर्च मारला तरी आकसत नाही. पण बाहुली मोठी होण्याची वाट बघत बसायचं नाही. ते दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

त्याआधीची लक्षणं घरातल्या कुणालाही ओळखता येतात: वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणं, झटका, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं. काही सेकंद जरी शुद्ध हरपली असेल तरी तपासणी हवीच. कानातून किंवा नाकातून रक्त वा पाण्यासारखं पातळ काही येत असेल, तर कवटीच्या तळाला तडा गेलेला असू शकतो. तिथं कापसाचा बोळा कोंबू नये. डोळ्याला मार नसताना दोन्ही डोळे काळेनिळे झाले तरी हीच शंका घेतात.

सगळ्यात घातक वाक्य म्हणजे "प्यायलाय, झोपू द्या त्याला". दारूची गुंगी आणि मेंदूवरच्या दाबाची गुंगी बाहेरून सारखीच दिसते. म्हाताऱ्या माणसांचं आणखी वेगळं. त्यांच्यात रक्त हळूहळू झिरपतं आणि पडल्यानंतर काही आठवड्यांनीही चाल बिघडते, विसराळूपणा वाढतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर धोका जास्त.

नेताना काय करायचं?

108 ला फोन करावा. मान हलू देऊ नये, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. सीटी स्कॅन आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय कुठं आहे हे निघतानाच विचारून घ्यावं, म्हणजे दोन ठिकाणी फिरावं लागत नाही. मदत करणाऱ्यामागं पोलिसांचं झंझट लागेल या भीतीनं बरेच जण मागं सरतात. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ नुसार चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, स्वतःचं नाव सांगायची सक्तीही नाही.

दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर जे विचारतात ते सोबतच्यानं मोबाईलवर टिपून ठेवावं: किती वाजता पडला, शुद्ध किती वेळ गेली, उलट्या किती झाल्या, कुठल्या गोळ्या चालू आहेत.