ओवी वाद्यवृंदात बसवताना

१९७७ साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, तसेच वाल्या बाल्कान्स्का या बल्गेरियन गायिकेचे लोकगीतही आहे. वाल्याच्या गाण्यामागे गाइदा, म्हणजे बल्गेरियन बॅगपाइप, एक स्वर अखंड धरून ठेवते. आपल्याकडे हे काम तानपुरा करतो.

इथे सांता क्लारात आपली मुले शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन, चेलो वाजवतात. त्यांच्यासाठी आजीची ओवी बसवायची झाली, तर पहिला मोह होतो तो दर दोन मात्रांना कॉर्ड बदलण्याचा. पण त्याने षड्जाचे ठिकाणच हलते आणि ओवी परकी होते.

बल्गेरियात सोफियाजवळच्या शोप भागात एक बाई चाल गाते, दुसरी एकच स्वर धरते. लागून असलेले दोन स्वर एकदम घुमले तरी कुणाला खटकत नाही. १९५१ साली सरकारी लोकसंगीत संच उभारणाऱ्या फिलिप कुतेव यांनी ही रीत आणि बायकांचा खुला गावरान आवाज आपल्या वृंदरचनांत आणला.

आपल्या ओवीला जात्याच्या घरघरीचा आधार असतो. ती घरघर चेलोला द्यावी, ओवी मुलांनी एका सुरात म्हणावी आणि व्हायोलिनने दोन ओव्यांमधली जागा तेवढी भरावी. ऐकून आजीने सोबत गुणगुणायला सुरुवात केली, की समजावे, जमले!