बांगर, संजय बापूसाहेब

(११ ऑक्टोबर १९७२ – ). भारताचे कसोटी क्रिकेटपटू, उजव्या हाताने मध्यम-द्रुतगती गोलंदाजी करणारे अष्टपैलू खेळाडू व पुढे प्रशिक्षक. जन्म मराठवाड्यातील बीड येथे. महाराष्ट्र व मुंबई यांच्या कुमार संघांतून त्यांनी खेळास प्रारंभ केला. तथापि त्यांची प्रथम श्रेणीची कारकीर्द घडली ती रेल्वे संघात. १९९३-९४ च्या हंगामात ते या संघाकडून प्रथम खेळले आणि जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी निवृत्ती स्वीकारली.

मध्यम-द्रुतगती गोलंदाजाचा भर निव्वळ वेगावर नसतो. चेंडू शिवणीवर टाकून टप्प्यानंतर त्याची दिशा बदलणे, हवेतून तो आत वा बाहेर वळविणे आणि दिशा व टप्पा यांवर दीर्घकाळ ताबा राखणे ही त्याची साधने होत. इंग्लंडमधील दमट हवा, ढगाळ आकाश व हिरवळ राखलेल्या खेळपट्ट्या यांमुळे या गोलंदाजीची परंपरा तेथे विशेष रुजली. तिचे एक श्रेष्ठ प्रतिनिधी ॲलेक बेडसर यांनी १९४६ मध्ये लॉर्ड्‌स येथे भारताविरुद्धच्या आपल्या पहिल्याच कसोटीत ११ बळी मिळविले आणि ५१ कसोटींत २३६ बळींपर्यंत मजल मारली. भारतातील परिस्थिती याहून निराळी. कोरड्या, कठीण खेळपट्टीवर चेंडूची लकाकी लवकर जाते आणि गोलंदाजीचा भार फिरकी गोलंदाजांकडे येतो. त्यामुळे येथील मध्यम-द्रुतगती गोलंदाजाला फलंदाजीची जोड असणे नेहमीच उपयुक्त ठरले. कोल्हापूरचे दत्तू फडकर (३१ कसोटी, १,२२९ धावा व ६२ बळी) हे अशा खेळाडूंचे जुने उदाहरण. बांगर यांची गणना याच परंपरेत करावी लागते.

रेल्वेचा संघ हा एखाद्या प्रांताचा नसून निरनिराळ्या राज्यांतून नोकरीच्या निमित्ताने एकत्र आलेल्या खेळाडूंचा असतो. रणजी करंडक स्पर्धेत अनेक वर्षे दुय्यम समजल्या गेलेल्या या संघाने २०००-०१ मध्ये अंतिम फेरी गाठली. मात्र बडोद्याकडून त्याला थोड्या धावांनी हार पतकरावी लागली. पुढील हंगामात (२००१-०२) बडोद्यालाच नमवून रेल्वेने हा करंडक प्रथमच जिंकला आणि २००४-०५ मध्ये त्या यशाची पुनरावृत्ती केली. या उत्कर्षात बांगर यांचा वाटा मोठा होता. प्रथम श्रेणीच्या १६५ सामन्यांत त्यांनी ८,३४९ धावा केल्या व ३०० बळी घेतले. रणजी स्पर्धेत ६,००० हून अधिक धावा व २०० हून अधिक बळी अशी दुहेरी कामगिरी करणाऱ्या मोजक्या खेळाडूंत विजय हजारे यांच्यासमवेत त्यांचे नाव घेतले जाते.

डिसेंबर २००१ मध्ये मोहाली येथे इंग्लंडविरुद्ध त्यांनी कसोटी पदार्पण केले. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे जन्मलेले द्रुत-मध्यमगती गोलंदाज इक्बाल सिद्दीकी यांचीही ही पहिलीच कसोटी होती. अशा रीतीने मराठवाड्यात जन्मलेले दोन खेळाडू एकाच सामन्यात भारतीय संघात आले. भारताने हा सामना दहा गडी राखून जिंकला. सिद्दीकी यांना पुन्हा कसोटी खेळण्याची संधी मिळाली नाही. बांगर यांनी मात्र फेब्रुवारी २००२ मध्ये नागपूर येथे झिंबाब्वेविरुद्ध सातव्या क्रमांकावर खेळून नाबाद १०० धावा केल्या व संघातील आपले स्थान बळकट केले.

त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत महत्त्वाचा सामना ऑगस्ट २००२ मध्ये इंग्लंडमधील हेडिंग्ले येथे झाला. मालिकेतील आधीच्या दोन कसोटींत भारताने तीन द्रुतगती गोलंदाजांना स्थान दिल्याने अनिल कुंबळे व हरभजनसिंग यांपैकी एकालाच खेळविता आले होते. सलामीला खेळू शकणारा व तिसरा द्रुतगती गोलंदाज म्हणूनही उपयोगी पडणारा खेळाडू बांगर यांच्या रूपाने लाभताच दोन्ही फिरकी गोलंदाजांना एकत्र खेळविणे शक्य झाले. ढगाळ हवा गोलंदाजांना अनुकूल असतानाही कर्णधार सौरव गांगुली यांनी नाणेफेक जिंकून फलंदाजी स्वीकारली. वीरेंद्र सेहवाग लवकर बाद झाल्यावर बांगर यांनी राहुल द्रविड यांच्यासह दुसऱ्या गड्यासाठी १७० धावांची भागी केली. त्यांच्या स्वतःच्या धावा ६८. त्यांसाठी त्यांनी २३६ चेंडू खेळून काढले. स्वतः शिवणीवर चेंडू टाकणाऱ्या या खेळाडूला कोणता चेंडू सोडून द्यावा याची उत्तम जाण होती, हे या खेळीत दिसून आले. त्या पायावर द्रविड (१४८), सचिन तेंडुलकर (१९३) व गांगुली (१२८) यांनी शतके उभारली आणि भारताने ८ बाद ६२८ धावांवर डाव घोषित केला. इंग्लंडच्या दुसऱ्या डावात बांगर यांनी दोन बळीही घेतले. भारताचा एक डाव व ४६ धावांनी विजय झाला. १९८६ नंतर इंग्लंडमधील भारताचा हा पहिलाच कसोटी विजय होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूझीलंडमधील शिवणीला साथ देणाऱ्या खेळपट्ट्यांवर सलामीला त्यांना अपयश आले व तेथेच त्यांची कसोटी कारकीर्द संपली. १२ कसोटींत त्यांनी ४७० धावा (एक शतक) केल्या व ७ बळी घेतले. १५ एकदिवसीय सामन्यांत त्यांच्या १८० धावा व ७ बळी आहेत. २००३ च्या विश्वचषक स्पर्धेसाठी निवडलेल्या संघात ते होते. परंतु त्यांना प्रत्यक्ष खेळण्याची संधी मिळाली नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी प्रशिक्षणाचे क्षेत्र निवडले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पंजाबच्या संघाने २०१४ मध्ये इंडियन प्रीमिअर लीगची अंतिम फेरी गाठली. त्याच वर्षी ते भारतीय संघाचे फलंदाजी प्रशिक्षक झाले आणि २०१९ पर्यंत त्या पदावर होते. २०१६ च्या झिंबाब्वे दौऱ्यात ते संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. पुढे बंगलोरच्या संघाचे मुख्य प्रशिक्षकपदही (२०२२ व २०२३) त्यांनी सांभाळले.

कसोटीतील सात बळी ही संख्या गोलंदाज म्हणून अल्प वाटते. तथापि मध्यम-द्रुतगती अष्टपैलू खेळाडूचे मोल केवळ बळींच्या संख्येने ठरत नाही. त्याच्यामुळे संघाची रचना किती लवचिक होते, हेही लक्षात घ्यावे लागते. हेडिंग्लेच्या विजयात बांगर यांचे महत्त्व नेमके याच गोष्टीत आहे.