दोन तोंडांची घरं

धारावीच्या कुंभारवाड्यातल्या जुन्या घरांना दोन तोंडं असतात. रस्त्याकडे माठ, कुंड्या, पणत्या मांडलेलं दुकान. मागे सामाईक अंगण आणि त्यात भट्टी. मधल्या चिंचोळ्या जागेत चाक फिरतं, स्वयंपाक होतो, मुलं अभ्यासाला बसतात. झोपायला पोटमाळा. सौराष्ट्रातून मुंबईत आलेली कुंभार कुटुंबं १९३०च्या दशकात इथं स्थिरावली आणि धंद्याला जे लागलं त्याप्रमाणे घरं घडत गेली.

असं घर आखूनसवरूनही बांधता येतं. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत रेशमी फितींचा धंदा करणाऱ्या जॉन आणि जोसेफ कॅश या भावांनी १८५७ साली विणकरांसाठी तीन मजली घरांच्या रांगा उभारल्या. खालचे दोन मजले राहायला, सर्वांत वर माग. विणकामाला उजेड लागतो, म्हणून वरच्या खिडक्या खालच्यांपेक्षा कितीतरी मोठ्या ठेवल्या. खरी हुशारी मात्र इंजिनात होती. एकाच वाफेच्या इंजिनावर फिरणारा दांडा रांगेतल्या सगळ्या घरांच्या वरच्या मजल्यांतून नेला होता. माग ज्याच्या त्याच्या घरी, इंजिन सगळ्यांचं मिळून. बेत १०० घरांचा होता, बांधून झाली ४८. पुढे वरचे मजले सलग जोडून त्यांचा कारखाना झाला.

कुंभारवाड्यातली भट्टीही अशीच सामाईक. धंद्याला घराबाहेरची सामाईक सोयही लागते. म्हणूनच फ्लॅटच्या कोपऱ्यात टेबल बसवलं की ‘घर आणि ऑफिस एकत्र’ झालं, हा समज फार तोकडा आहे. लॅपटॉपवरच्या कामाला ते पुरतं. येवल्याच्या पैठणी विणकराला पाय खड्ड्यात सोडून मागावर बसावं लागतं. त्याला जमिनीलगतचीच जागा हवी. वजन, धूळ, आवाज, गिऱ्हाइकाची ये-जा हे सगळं आधी ठरलं पाहिजे, खोल्या त्यानंतर.

जुनं आहे म्हणून सगळं जपावं, असंही नाही. कुंभारवाड्याच्या भट्ट्यांत चिंध्या आणि भुसा जळतो आणि तो धूर घराघरांत शिरतो. लहान मुलं तिथंच वाढतात. कमी धुराची सामाईक भट्टी ही तिथली पहिली गरज आहे.

धारावीच्या पुनर्विकासात चर्चा होते ती बहुतेक सदनिकेच्या चौरस फुटांची. सातव्या मजल्यावरच्या कुंभाराची माती कुठं उतरणार, कच्ची मडकी कुठल्या उन्हात वाळणार आणि पावसाळ्यात ती कुठं ठेवायची, हे नकाशावर आधी दाखवायला हवं.