घरगुती काडतूस-भरणी आणि प्रोग्रेसिव्ह प्रेस : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत नेमबाजीचा नाद असलेल्या गृहस्थाच्या घरी गेल्यास गॅरेजमधल्या भिंतीला लागून एक भक्कम लाकडी टेबल आणि त्यावर बोल्टांनी आवळून बसविलेले, उजव्या अंगाला लांब दांडा असलेले लोखंडी यंत्र पुष्कळदा दृष्टीस पडते. आणि या यंत्रावर यजमान वापरलेल्या पुंगळ्यांची पुन्हा काडतुसे करतो हे कळल्यावर, तिकडे नव्यानेच राहावयास गेलेल्या मराठी माणसाची नजर प्रथम फडताळातल्या दारूच्या डब्याकडे वळते आणि त्याचे पाऊल नकळत मागे सरते. त्याच्या भीतीला आधार नाही असे कोणी म्हणू नये. परंतु ती भीती ज्या स्थळी जाऊन बसते ते स्थळ चुकीचे असते आणि ज्या ठिकाणी खरी जोखीम दबा धरून असते तिकडे त्याचे, आणि कित्येकदा खुद्द यजमानाचेही, लक्ष नसते. या विषयातील बहुतेक गैरसमजांचे मूळ मला या एका गोष्टीत दिसते.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. काडतुसाचे घटक चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारा प्राइमर, आतील निर्धूर दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. बार झाल्यावर यांपैकी प्राइमर खर्ची पडतो, दारू जळते, गोळी निघून जाते आणि पुंगळी तेवढी किंचित फुगून मागे राहते. ती पुन्हा मापात आणणे, जुना प्राइमर काढून नवा बसविणे, तोंड जरासे रुंदावून दारू घालणे, गोळी बसविणे आणि शेवटी तोंड आवळणे, अशी ही भरणीची कामे आहेत. साध्या प्रेसवर एका वेळी एकच काम होते. शंभर पुंगळ्यांचे एक काम उरकले की डाय, म्हणजे साचा, बदलून त्याच शंभरांचे दुसरे काम हाती घ्यावयाचे. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये मात्र सर्व डाय एकाच वेळी डोक्यावर बसविलेले असतात आणि त्यांच्याखाली, मसाल्याच्या डब्यात वाट्या मांडाव्या तशा, एका फिरत्या तबकडीत पुंगळ्या उभ्या असतात. दांडा एकदा खाली ओढला की तबकडी वर जाते व प्रत्येक ठाण्यावरील पुंगळीवर त्या त्या ठाण्याचे काम एकसमयावच्छेदेकरून होते. तबकडी एक घर पुढे सरकते, आणि यंत्र एकदा भरते झाले म्हणजे दांड्याच्या प्रत्येक ओढीसरशी एक तयार काडतूस खालच्या पेटीत पडते. स्कॉट्सडेल येथील डिलन, नेब्रास्कातील हॉर्नडी, विस्कॉन्सिनमधील ली ही या यंत्रांच्या कारखानदारांतील प्रसिद्ध नावे होत.

हा उद्योग चोरीछुपीचा असावा, ही पहिली समजूत चुकीची आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे स्वतःच्या उपयोगासाठी काडतुसे भरण्यास परवाना लागत नाही. ती विक्रीसाठी बनवावयाची झाल्यास मात्र १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टखालील उत्पादकाचा परवाना घ्यावा लागतो. शिवाय ही प्रथा नवी नाही. एकोणिसाव्या शतकात बायसनची शिकार करणारे लोक मैदानातल्या तळावर रात्री बसून दिवसभराच्या पुंगळ्या भरीत असत. आजचे यंत्र त्याच जुन्या व्यवसायाचे वेगवान रूप आहे.

दुसरी समजूत अशी की, दारूचा डबा घरात ठेवणे म्हणजे बॉम्ब उशाशी घेऊन निजणे. फ्रान्सच्या पॉल व्येय याने १८८४ मध्ये सिद्ध केलेल्या निर्धूर दारूच्या वंशातील ही आजची दारू उघड्यावर पेटल्यास झपाट्याने व मोठ्या ज्वाळेने जळते, परंतु तिचा स्फोट होत नाही. ती बंदिस्त जागेत कोंडली गेली तरच तिचा दाब वाढत जाऊन पात्र फुटते, आणि म्हणूनच कारखान्याचा मूळ डबा अधिक दाबाने सहज उकलावा अशा बेताने केलेला असतो. तो टाकून दारू काचेच्या किंवा लोखंडी बरणीत भरणे हा खरा अविचार. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या एनएफपीए ४९५ या संहितेत घरगुती साठ्याच्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत : मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत निर्धूर दारू, त्याहून अधिक म्हणजे ५० पौंडांपर्यंत ठेवावयाची असल्यास किमान एक इंच जाडीच्या भिंतींची लाकडी पेटी, आणि प्राइमर जास्तीत जास्त १०,०००. जुनी काळी दारू ही निराळी वस्तू आहे. ती अत्यल्प ठिणगीनेही भडकते आणि तिला निर्धूर दारूचे नियम लागू करणे घातक ठरेल.

डब्याकडे भयभीत नजरेने पाहणारा पाहुणा ज्या टिकलीएवढ्या इवल्या वस्तूकडे ढुंकूनही पाहत नाही, ती वस्तू म्हणजे प्राइमर. यात सामान्यतः लेड स्टिफ्नेट हे शिशाचे संयुग असते आणि ते आघाताने खरोखर स्फोट पावते. प्रोग्रेसिव्ह यंत्रात शंभर प्राइमर एका उभ्या नळीत एकावर एक रचलेले असतात; त्यांतील एखादा वाकडा बसून जोराने दाबला गेला तर तो फुटून वरच्या रांगेला पेटवू शकतो. याच कारणास्तव त्या नळीभोवती जाड पोलादी कवच घातलेले असते आणि चष्म्यावाचून या टेबलाशी बसू नये असा दंडक आहे. दांडा खाली जाताना अनपेक्षित अडथळा लागला तर जोर वाढविण्याऐवजी हात थांबविणे, एवढी एकच सवय अंगी बाणली तरी अशा अपघातांचा बराचसा भाग टळतो.

आता ज्या गैरसमजाने सर्वांत अधिक हानी होते त्याकडे वळतो. यंत्र सर्व कामे आपोआप करते, तेव्हा माणसाने दांडा ओढीत राहावे आणि मन हवे तिकडे जाऊ द्यावे, असे नवशिक्याला वाटते. आणि पाच-पन्नास काडतुसे निर्विघ्न पडली म्हणजे ही समजूत पक्की होते. वस्तुस्थिती अशी की, पिस्तुलाच्या काडतुसात दारू अत्यंत थोडी, कित्येकदा चार-पाच ग्रेनच लागते. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. .३८ स्पेशलसारखी उंच पुंगळी तर मूळची काळ्या दारूच्या काळातील असल्यामुळे तीत आजच्या जलद दारूचे दोन वाटे पडले तरी ती काठोकाठ भरत नाही, आणि वरून गोळी बसली की आतल्या गोष्टीचा बाहेर मागमूसही उरत नाही. असे काडतूस उडाले तर बंदुकीचा कक्ष फुटू शकतो.

दोन वाटे पडतात कसे? डिलनच्या ५५० या चार ठाण्यांच्या यंत्रात तबकडी हाताने फिरवावी लागते. दुसऱ्या ठाण्यावर दारू पडली, एवढ्यात दूरध्वनी खणखणला किंवा प्राइमर संपल्याचे ध्यानात आले, हात दांड्यावरून निघाला, आणि परतल्यावर तबकडी फिरविली की नाही हे न आठवता दांडा पुन्हा ओढला गेला. त्याच पुंगळीत दुसरा वाटा पडला. ७५० सारख्या पाच ठाण्यांच्या यंत्रात तबकडी आपोआप फिरते म्हणून हा प्रकार दुर्मीळ. परंतु तेथेही अर्ध्यात अडकलेला दांडा मागेपुढे हलवताना आणि एखादी पुंगळी काढून पुन्हा ठेवताना घोटाळा होतो. म्हणजे चूक यंत्राच्या नियमित गतीत क्वचितच होते. ती गती खंडित होते त्या क्षणी होते.

दारू मुळीच न पडणे हे दारू दुप्पट पडण्यापेक्षा बरे, असे वरवर पाहता वाटेल. तेही खरे नाही. केवळ प्राइमरच्या जोराने गोळी पुंगळीतून निसटते आणि नळीत मध्येच रुतते. बार नेहमीसारखा न होता दबका, पोकळ आवाज येतो. स्पर्धेच्या भरात असलेला नेमबाज तेवढ्यावर न थांबता सरावलेल्या हाताने पुढचे काडतूस कक्षात ओढतो आणि चाप दाबतो, आणि दुसरी गोळी पहिलीवर आदळून नळी फुगते किंवा फाटते. म्हणूनच वेगळा आवाज कानी येताच गोळीबार थांबवून, बंदूक रिकामी करून, नळीतून आरपार पाहणे हा नेमबाजीच्या मैदानावर सक्तीचा नियम मानला जातो.

यावरील उपाय साधे आहेत, पण त्यांना पर्याय नाही. यंत्रावर असा दिवा बसवावा की प्रत्येक पुंगळीच्या तळाशी उजेड पोहोचेल, आणि गोळी ठेवण्यापूर्वी आत नजर टाकल्यावाचून हात पुढे करू नये. पाच ठाण्यांच्या यंत्रात दारूची पातळी तपासणारा डाय लावता येतो. पातळी कमी वा अधिक आढळल्यास अशा डायांपैकी काही घंटी वाजवितात आणि काही तर यंत्रच अडवून धरतात. शक्य तेथे आकारमानाने फुगीर दारू निवडावी, म्हणजे दुसरा वाटा पडताच ती पुंगळीबाहेर सांडून स्वतःच इशारा देते. टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा असावा. आणि काम काही कारणाने खंडित झाले तर तबकडीवरच्या सगळ्या पुंगळ्या उचलून, दारू परत ओतून, नव्याने आरंभ करावा. चार-पाच पुंगळ्यांचा हा तोटा नगण्य आहे. प्रोग्रेसिव्ह प्रेस नवशिक्याने घेऊच नये असे काही जाणते म्हणतात. मला ते मान्य नाही. त्या यंत्रावर एकच पुंगळी ठेवून, ती सर्व ठाण्यांतून फिरवून, प्रत्येक ठाण्यावर काय घडते ते समजून घेतले तर तेच यंत्र उत्तम शिक्षक होते. मात्र वेगाचे आकडे पाहून ते घेणाऱ्याने सबूर करावी. कारखानदार ५५० यंत्राचा वेग ताशी ४०० ते ६०० काडतुसे सांगतात. तो प्राइमरच्या नळ्या अगोदर भरून ठेवलेल्या, हात सरावलेले, पुंगळ्या निवडून धुतलेल्या असतानाचा आहे.

पुंगळ्या निवडणे ही गोष्टही क्षुल्लक नाही, कारण कोणतीही रिकामी पुंगळी भरता येते हा आणखी एक भ्रम. इंग्रज अधिकारी बॉक्सर आणि अमेरिकन बर्डन या दोघांनी १८६०च्या दशकात प्राइमरच्या दोन पद्धती काढल्या. आज अमेरिकेत इंग्रजाची चालते आणि युरोपातील बऱ्याच लष्करी काडतुसांत अमेरिकनाची. बॉक्सर पद्धतीत बुडाशी मधोमध एक छिद्र असते, त्यातून डायची सळई जाऊन जुना प्राइमर बाहेर ढकलते. बर्डन पद्धतीत कडेला दोन बारीक छिद्रे असतात, तेथे ती सळई अडून मोडते. लष्करी पुंगळ्यांत प्राइमर दाबून कुलूपबंद केलेला असतो, ती कड काढल्याशिवाय नवा बसत नाही. .४५ एसीपीच्या पुंगळ्यांत तर मोठ्या प्राइमरच्या आणि लहान प्राइमरच्या अशा दोन जाती मिसळून येतात; मोठ्या प्राइमरसाठी जुळवलेल्या यंत्रात लहान खोबणीची पुंगळी आली की दांडा अडतो, आणि वर सांगितलेली हात थांबविण्याची सवय येथेच कामी येते.

दारू जितकी अधिक तितके काडतूस सरस, ही समजूत बोलून दाखविली जात नसली तरी मनात असते. प्रत्येक काडतुसाला दाबाची मर्यादा आहे. सामी ही अमेरिकन उत्पादकांची १९२६ मध्ये स्थापन झालेली संस्था ती ठरविते : .४५ एसीपीसाठी दर चौरस इंचाला २१,००० पौंड, ९ मिलिमीटर ल्यूगरसाठी ३५,०००. गोळी ठरल्यापेक्षा थोडी खोल बसली तरी आतली जागा घटून दाब चढतो, मग दारू तीच का असेना. सबब प्रसिद्ध झालेल्या कोष्टकातील कमाल मापापासून नव्हे तर किमान मापापासून आरंभ करून, गतिमापकावर गोळीचा वेग पाहत पायरीपायरीने वर जाणे हाच रिवाज आहे. आणि बहुसंख्य स्पर्धकांना नेमका आघात सौम्य हवा असतो. यूएसपीएसए या अमेरिकन नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांत गोळीचे ग्रेनमधील वजन व फूट-प्रतिसेकंदातील वेग यांच्या गुणाकाराला हजाराने भागून जो अंक येतो, तो खालच्या श्रेणीसाठी १२५ असला की पुरतो. त्या मर्यादेच्या जरा वर राहणारे, आपल्या पिस्तुलाला मानवणारे काडतूस करता यावे, हे या छंदाचे खरे आकर्षण होय. पैशांची बचत दर काडतुसामागे होते खरी. पण स्वस्त झाली म्हणून काडतुसे अधिक उडविली जातात आणि महिनाअखेरचा खर्च बहुधा तेवढाच राहतो.

शिशाविषयी फार थोडे लोक बोलतात. मक्याच्या बुरकुंडाच्या भुशात पुंगळ्या घुसळून साफ करताना जी राखाडी धूळ उडते तीत प्राइमरमधले शिसे असते. ही धूळ श्वासातून व बोटांवरून पोटात जाते, आणि घरात लहान मूल असेल तर तिचा अपाय अधिक. ओल्या पद्धतीने धुणे, टेबलाशी काही न खाणे व उठताच हात साबणाने धुणे, इतके तरी केलेच पाहिजे.

हे वाचून कोल्हापूरच्या नेमबाजांचे स्मरण ज्यांना होईल त्यांना एक खुलासा करावयास हवा. तेजस्विनी सावंत यांचे २०१० मधील म्युनिकचे विश्वविजेतेपद, राही सरनोबत यांचे २०१८ च्या आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक आणि स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदक, ही तिन्ही .२२ रिमफायर काडतुसांवर मिळालेली आहेत. त्या काडतुसात स्फोटक मिश्रण बुडाच्या दुमडलेल्या कडेतच भरलेले असते, फायरिंग पिनच्या आघाताने ती कड चेपते आणि पुंगळी कायमची निकामी होते. .३२ सेंटरफायर पिस्तुलाची पुंगळी भरण्याजोगी असते. परंतु भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमान्वये परवान्यावाचून दारूगोळा बनविता येत नाही, आणि त्याच अधिनियमाने केलेल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग व ते बनविण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश आहे. अमेरिकेतून परतणाऱ्याने हौसेने सामानात आणलेला प्रेस भारताच्या बंदरावर वा विमानतळावर लोखंडी अवजार म्हणून सुटत नाही.