विजयाच्या वेळीं खालीं घातलेली मान

विजेत्याचा बहुमान करितांना निशाण चढतें व राष्ट्रगीत वाजतें. पण तें निशाण परक्या सत्तेचें असेल तर? 1936 सालीं बर्लिन ऑलिंपिकप्रसंगीं हाच पेंच दिसून आला. आमच्या भातकुलीशेजारील अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें देशी खेळ दाखविले ते तेथेंच. आपल्या हॉकीपटूंनीं 15 ऑगस्ट रोजीं अंतिम सामन्यापूर्वीं, बंद खोलींत, काँग्रेसच्या तिरंग्यास वंदन केलें व जर्मनीस 8-1 असें हरविलें. मॅराथॉन जिंकणारा कोरियाचा सोन की-चुंग तर जपानचें गीत वाजत असतां मान खालीं घालून उभा राहिला. हातांतील रोपट्यानें त्यानें छातीवरील जपानी चिन्ह झांकलें. आमच्या मतें हा निषेध घोषणेहून बोलका होता. कोरियांतील ‘डोंगा इल्बो’ पत्रानें त्याचें छायाचित्र तें चिन्ह पुसून छापलें, तेव्हां जपानी सरकारनें तें पत्रच कित्येक महिने बंद ठेविलें.