32 छोट्या डिश, एक मोठा डोळा: दुर्बिणी एकमेकींना का जोडतात?

कल्याण म्हटलं की लोकलची गर्दी आठवते. वसईहून दिवा गाडी धरली तर फार लांबही नाही. पण 1965 मध्ये याच कल्याणमध्ये 32 छोट्या डिश जोडून सूर्याचा अभ्यास सुरू झाला होता, हे तुम्हाला माहीत आहे का?

जोडायच्या कशासाठी?

दुर्बीण जितकी रुंद, तितकं बारीक दिसतं. कल्याणची एक डिश जेमतेम 1.8 मीटरची. तिच्या नजरेच्या टप्प्यात 30 सूर्य ओळीने मावले असते, म्हणजे तपशील काहीच नाही. पण 24 डिश पूर्व-पश्चिम 630 मीटरवर आणि 8 दक्षिणोत्तर 256 मीटरवर मांडून त्यांचे सिग्नल एकत्र केले. मग सूर्याच्या रुंदीचा साधारण दहावा भागही वेगळा ओळखता येऊ लागला. डिशमधलं अंतर हीच दुर्बिणीची रुंदी ठरते!

ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या या डिश टीआयएफआरच्या डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभारल्या.

पुढे काय झालं?

स्वरूप यांच्याच नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी उभी राहिली. 45 मीटर रुंदीच्या 30 डिश, पसारा सुमारे 25 किलोमीटर. म्हणजे रेल्वेने विरार ते बोरिवली! सगळ्यांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरने एका जागी येतात आणि संगणक ते जुळवतो. त्यातून चंद्राच्या रुंदीच्या सुमारे 900व्या भागाइतका बारकावा टिपता येतो.

ताऱ्यांचे फोटोही मिळतात?

हो. अमेरिकेतल्या 'चारा' वेधशाळेत 1 मीटरच्या 6 दुर्बिणी 331 मीटरपर्यंतच्या अंतरावर आहेत. त्या रेडिओ लहरी नाही, प्रकाश जुळवतात. 2007 मध्ये तिथून श्रवण नक्षत्रातल्या मुख्य ताऱ्याच्या पृष्ठभागाचं चित्र मिळालं. वेगाने फिरल्यामुळे तो चपटा झालेला दिसला.

आपला संबंध काय?

अवकाशातून येणारे रेडिओ सिग्नल अतिशय क्षीण असतात. मोबाइल टॉवर, विजेच्या ठिणग्या, यंत्रं यांच्या गोंगाटात ते हरवतात. म्हणूनच शहरांपासून दूर, डोंगरांच्या आडोशाची जागा निवडली गेली. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मार्गही याच मुद्द्यावर वादात सापडला. रेल्वे हवीच, पण तिचा मार्ग बदलता येतो. 25 किलोमीटरवर पसरलेली दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही.